सत्तेचाळिसावी ओळ

दादांना वाकडं काही बघवत नसे. कुणाकडे गेले तर बसण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करायचे. रांगेत उभे असले की पुढच्या माणसाची दुमडलेली कॉलर त्यांच्या डोळ्यांत सलायची. दोनदा तरी त्यांनी ती न विचारता नीट केली होती. एकदा आभार मिळाले, एकदा नुसतंच रोखून बघणं. हे सगळं पाहून त्यांच्या सासऱ्यांनी लग्नानंतर महिन्याच्या आत, गवंड्याच्या दोरीवरून, त्यांचं नाव 'ओळंबा' ठेवून टाकलं. सासरे गणिताचे मास्तर. घरात सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे, सासूबाईसुद्धा. "या ओळंबा," मास्तर दारातूनच हाक द्यायचे, "आज आमचं काय काय वाकडं दिसतंय?" आणि दादा हसत हसत खरोखरच इकडे-तिकडे बघायचे.

या स्वभावावर दादांनी चाळीस वर्षं पोट भरलं. रेडिओ, टेपरेकॉर्डर, टीव्ही. कुणाचाही टेपरेकॉर्डर दुकानात आला की तक्रार ऐकण्याआधी ते झाकण उघडायचे, आवाज वाचणाऱ्या हेडवरून स्पिरिटचा बोळा फिरवायचे आणि शेजारचा बारीक स्क्रू फिरवून ते हेड टेपला अगदी काटकोनात बसवायचे. त्यासाठी त्यांच्याकडे चाचणीची एक कॅसेट होती. तिच्यात गाणं नाही, बोलणं नाही, नुसती एक अखंड शिट्टी. गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो, माझं फक्त बटण तुटलंय." दादा म्हणायचे, "बटण होईल. पण तुमचं हेड वाकडं होतं." जेवणाआधी हात धुवावेत तसं होतं ते. केल्याचं त्यांच्या लक्षातही राहत नसे.

पुढे लोकांनी वस्तू दुरुस्त करणंच सोडलं आणि दादांनी दुकान बंद केलं. त्याच सुमाराला भंगारवाल्याच्या गाडीवर त्यांना एक जुना घरगुती कॉम्प्युटर दिसला. सगळी यंत्रणा कीबोर्डच्या पोटात, पडदा म्हणून घरचा टीव्ही जोडायचा आणि प्रोग्रॅम कॅसेटवरून भरायचा, अशा काळातला. दादांनी तो घरी आणला. फुगलेले कपॅसिटर बदलले, गंजलेले सांधे खरवडून पुन्हा सोल्डरिंगचे डाग दिले. तिसऱ्या आठवड्यात टीव्हीवर एक पांढरा चौकोन लुकलुकायला लागला.

"काय करतो तो?" बायकोनं विचारलं.

"लुकलुकतो."

"एवढंच?"

"अगं, मेलेला होता तो! एवढंच काय?"

इथंवर सगळं ठीक होतं. मग तो साहेबांनी पाहिला.

साहेब म्हणजे दादांचे साडू, धाकट्या मेहुणीचे यजमान. विम्याच्या कचेरीत ते कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख होते, आणि कचेरीतलं ते नाव घरातही चिकटलं. ते उच्चारताना दादांना दर वेळी किंचित घसा खाकरावा लागायचा. नाद मूळचा दादांचा. पण दोन वर्षांत साहेबांकडे काचेच्या कपाटात सात मशीनं उभी राहिली. पिवळं पडलेलं प्लास्टिक औषध लावून, उन्हात ठेवून पांढरंशुभ्र केलेलं. "रंगरंगोटी," दादा नाक मुरडून म्हणायचे. पण साहेबांना प्रोग्रॅम लिहिता येत. त्यांच्या पडद्यावर चेंडू उड्या मारायचा, घड्याळ चालायचं. त्यांचे व्हिडिओ बाराशे लोक बघायचे. दादांना हा आकडा पक्का ठाऊक होता, कारण ते तो रोज तपासायचे. दादांना स्वतःला एकच प्रोग्रॅम येत होता, दहापासून शून्यापर्यंत उलटे आकडे मोजणारा. शून्यानंतर त्यानं काय करायचं, हे अजून ठरलं नव्हतं.

आणि त्या सातांतली चार मशीनं दादांच्या टेबलावर जिवंत झालेली होती! साहेब तसं प्रत्येक व्हिडिओत सांगायचेही. "हार्डवेअर आमच्या दादांनी बघितलं."

"बघितलं म्हणे," दादा बायकोपाशी धुसफुसायचे. "मी काय लांबून बघत होतो? बोटं भाजलीत माझी."

"मग काय म्हणायला हवं होतं त्यांनी?"

खरी पंचाईत ही होती की साहेब माणूस चांगले होते. भांडायला अजिबात सोयीचे नव्हते.

शिवाय सासूबाई राहायच्या साहेबांकडे. दादांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि सासूबाईंचे गुडघे दुखरे. कारण रास्त होतं. पण काही रास्त कारणं घशाखाली उतरत नाहीत, त्यांतलं ते एक.

एका रविवारी सगळे साहेबांकडे जमले असताना सासूबाईंनी कापडाची एक पिशवी आणून मांडीवर ठेवली. तिच्यातून एक अर्धा स्वेटर निघाला. राखाडी लोकर, छातीवर गडद निळ्या लोकरीची नक्षी, आणि सुई अजून टाक्यांत अडकवलेली.

"हा मास्तरांचा," त्या म्हणाल्या. "सेहेचाळीस ओळी झाल्यात. पुढचं त्यांच्या डब्यात आहे."

डबा म्हणजे मास्तरांचा कॉम्प्युटर. मास्तरांनी म्हातारपणी त्यावर नक्षीचा एक प्रोग्रॅम केला होता. टीव्हीवर बत्तीस चौकोनांची एक ओळ उमटायची. भरलेला चौकोन म्हणजे निळा टाका, रिकामा म्हणजे राखाडी. कळ दाबली की वर आणखी एक ओळ चढायची, अशा एकूण चौसष्ट. रोज संध्याकाळी मास्तर कळ दाबायचे आणि सासूबाई विणायच्या. शेवटी काय होणार हे मास्तर सांगत नसत. "दिसेल की," म्हणायचे. सेहेचाळीस ओळी झाल्या आणि मास्तर दवाखान्यात गेले, ते परत आले नाहीत. याला बावीस वर्षं झाली होती. कॉम्प्युटर, टेपरेकॉर्डर आणि ती एक कॅसेट ट्रंकेत घालून माळ्यावर गेली होती.

"तुम्ही दोघं जावई जुनी मशीनं उठवता म्हणे," सासूबाई म्हणाल्या. "मग हे उठवा. मला हा पुरा करायचाय."

दादा ट्रंक घेऊन तीन मजले चढले, मधे एकदाही न थांबता. पुढचे तीन आठवडे त्यांनी दुसरं काही केलं नाही. कीबोर्डच्या कळांखालचा फाटलेला प्लास्टिकचा पापुद्रा नवा बसवला, कपॅसिटर बदलले, टेपरेकॉर्डरचा पाघळलेला रबरी पट्टा काढून नवा घातला. झाकण उघडलेलंच होतं. हेड पुसलं. चाचणीची कॅसेट लावली, स्क्रू फिरवून शिट्टी टोकदार करून घेतली. हात धुतले आणि जेवायला गेले.

त्यानंतरच्या रविवारी साहेबांच्या हॉलमध्ये मशीन चालू झालं. चौकोन लुकलुकला. साहेबांनी कीबोर्डवर हुकूम टाइप केला आणि दादांनी टेप सुरू केली. असल्या कॅसेटमधून प्रोग्रॅम किंचाळत येतो आणि तो येत असताना पडद्याच्या कडेला रंगीत पट्टे धावतात. पट्टे क्षणभर थरथरले आणि विझले. टेप चुकल्याचा संदेश आला. पुन्हा लावली. पुन्हा तेच. नऊ वेळा झालं.

"टेप गेली, आई," साहेब शेवटी हळूच म्हणाले. "इतक्या वर्षांत तिच्यावरचा लेप उडाला असणार. मशीनमध्ये दोष नाही. दादांनी केलेलं काम मी पाहिलंय ना, इतकं चोख काम कुणी करत नाही. दोष टेपचाच."

सासूबाईंनी दादांकडे पाहिलं. "तुमच्या कामाबद्दल मास्तरही हेच म्हणायचे," त्या म्हणाल्या.

दादांनी हे वाक्य ऐकायला किती वर्षं वाट पाहिली होती, त्यांचं त्यांनाच ठाऊक. साहेबांच्या घरात, साहेबांच्या तोंडून, सासूबाईंसमोर! आणि नेमक्या त्याच वेळी त्यांचा कान त्यांना दुसरंच काही सांगत होता. ती किंचाळी घोंगडीखालून आल्यासारखी बोथट होती. लेप उडालेली टेप अशी वाजत नाही, ती तुटत तुटत वाजते. अशी बोथट वाजते ती वाकड्या हेडवर भरलेली टेप, सरळ हेडवर लावल्यावर. मास्तरांच्या रेकॉर्डरचं हेड वाकडं होतं. त्याच वाकड्या हेडनं मास्तर भरायचे आणि त्याच वाकड्या हेडनं वाचायचे, म्हणून त्यांचं छान चाललं होतं. ते सरळ कुणी केलं?

"बघू," एवढंच दादा म्हणाले.

पुढचा रविवार आणखी वाईट निघाला. साहेबांनी स्वेटरचा फोटो काढून, टाके मोजून, सेहेचाळीस ओळी नव्या प्रोग्रॅममध्ये भरल्या होत्या आणि उरलेल्या अठरा स्वतः जुळवल्या होत्या. पडद्यावर ओळी चढत गेल्या आणि दोन पक्षी तयार झाले. समोरासमोर, चोचीला चोच लावून. खालची दोन पोटं, चार पाय मास्तरांचे. वरच्या माना आणि डोकी साहेबांची.

"किती गोड!" मेहुणी म्हणाली. दादांच्या बायकोनंसुद्धा मान डोलावली, आणि ती डोलावलेली मान दादांनी लक्षात ठेवली.

सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. "छान आहे," त्या म्हणाल्या. "मास्तरांनी काय केलं असतं, कोण जाणे. पण चालेल. पुढच्या रविवारी सुरू करते." आणि त्यांनी साहेबांच्या पाठीवरून हात फिरवला.

त्या आठवड्यात दादांना अन्न गोड लागलं नाही. डोळ्यांसमोर तो हात आणि ती पाठ. राखाडी स्वेटर पुरा होणार, सासूबाई तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवणार, आणि म्हणणार, नक्षी आमच्या धाकट्या जावयाची. त्यावर व्हिडिओ निघणार. बारा हजार लोक बघणार. "हार्डवेअर दादांनी बघितलं."

"तुमच्या पोटात काहीतरी आहे," बायको भाजी निवडता निवडता म्हणाली. "चार दिवस बघतेय. बोला."

दादांनी सगळं सांगितलं. हेडचं, स्क्रूचं, बोथट आवाजाचं.

"म्हणजे टेप चांगली आहे?"

"चांगली आहे."

"आणि तुम्ही गप्प बसलात!"

"सांगितलं तर चूक माझी निघते. नाही सांगितलं तर स्वेटर त्याचा होतो."

"स्वेटर मास्तरांचा आहे," ती म्हणाली. "तुम्हा दोघांचा कधी झाला तो? आणि एवढे जळताय तर निदान त्या धगीवर डाग तरी द्या. तेवढीच वीज वाचेल."

दादा हसले नाहीत. पण उठून त्यांनी बारीक स्क्रूड्रायव्हर शोधून शर्टाच्या खिशात टाकला. चांगुलपणानं टाकला असं म्हणता येणार नाही. साहेबांच्या पक्ष्यांच्या त्या जुळलेल्या चोची त्यांना सहन होत नव्हत्या, ही खरी गोष्ट.

रविवारी सासूबाई खिडकीपाशी सुया घेऊन बसल्या होत्या. टीव्हीवर साहेबांची नक्षी उभी होती. "सत्तेचाळिसावी," साहेब वाचायला लागले. "दहा राखाडी, तीन निळे, मग..."

"आई, थांबा!" दादा म्हणाले. वाटलं होतं त्यापेक्षा आवाज मोठा निघाला. सगळे वळून बघायला लागले. "टेप मेलेली नाही. मी मारलीय तिला."

मग त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. शाळेत चूक कबूल करायला उभ्या केलेल्या मुलासारखे हात त्यांनी मागे बांधले होते.

साहेबांनी टेपरेकॉर्डरकडे पाहिलं. मग म्हणाले, "दादा, हे तुमच्या लक्षात कधी आलं?"

'काल' म्हणता आलं असतं. शब्द ओठांवर आलाही होता. "पहिल्याच रविवारी," दादा म्हणाले.

दादांची बायको वरच्या पंख्याकडे बघू लागली.

"मग दोन आठवडे काय करत होतात?" सासूबाईंनी विचारलं.

"तुम्ही केलेलं कौतुक जपत होतो."

सासूबाईंच्या तोंडाचा एक कोपरा हलला. "झालं ना जपून? मग आता ते वाकडं करा बघू."

सरळ करायला दादांकडे चाचणीची कॅसेट होती. वाकडं करायला काही नव्हतं, फक्त कान. त्यांनी मास्तरांची टेप लावली, डोळे मिटले आणि स्क्रू केसभर फिरवला. आवाज आणखी बोथट झाला. उलटा फिरवला. जिथं आयुष्यभर थांबले होते ती जागा आली, आणि हाताला तिथून पुढे जाववेना. हात खरंच अडला. दादांनी दात आवळून तो पुढे नेला. अर्धा आटा. पाऊण. घोंगडी दूर झाली आणि किंचाळी सुईसारखी कानात शिरली.

"आता," टेप पुन्हा सुरुवातीला नेत दादा म्हणाले.

साहेबांनी हुकूम टाइप केला. कडेला निळे-पिवळे पट्टे धावायला लागले आणि धावतच राहिले. चार मिनिटं कुणी हललं नाही. मग पडदा स्वच्छ झाला आणि तळाशी पहिली ओळ उमटली. साहेब कळ दाबत गेले. सेहेचाळीस ओळी स्वेटरशी टाक्याला टाका जुळल्या. सत्तेचाळिसावी चढली.

डाव्या पक्ष्याची मान आतल्या बाजूला होती. उजव्याची बाहेरच्या.

"हे चुकलंय का?" साहेब पुटपुटले. त्यांनी पुढच्या ओळी भराभर चढवल्या. चुकलं नव्हतं. डावा पक्षी उजव्याकडे बघत होता. उजव्यानं त्याच्याकडे चक्क पाठ फिरवून मान ताठ वर केली होती.

सासूबाई हसायला लागल्या. हसता हसता सुई टाक्यांतून निसटेल म्हणून मेहुणीनं स्वेटर धरला.

"ती मी," त्या म्हणाल्या. "तो रेकॉर्डर झाडू मारताना माझ्याच हातून पडला होता. मास्तर ओरडले. मी म्हटलं, मग तुमच्या डब्याशीच संसार करा! आठवडाभर बोलले नाही. त्यांनी आपला आपणच तो रेकॉर्डर खटपट करून चालू केला. तेव्हाच काढलेली दिसतेय ही नक्षी. आणि मी मुकाट विणत होते!"

"मला का नाही बोलावलं तेव्हा?" दादांनी विचारलं. एवढ्यातही त्यांना ते लागलं होतं.

साहेबांनी तोवर प्रोग्रॅम थांबवून त्याच्या ओळी पडद्यावर मागवल्या होत्या. प्रोग्रॅमच्या काही ओळी मशीनसाठी नसतात, लिहिणारा माणसासाठी शेरा म्हणून लिहून ठेवतो. मास्तरांनी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं. साहेबांनी ते मोठ्यानं वाचलं.

"टेपचा स्क्रू वाकडा आहे. वाकडाच राहू द्यावा. ओळंबा आला तर चहा द्यावा, स्क्रूड्रायव्हर देऊ नये."

सगळं घर हसलं. दादांचे कान लाल झाले. ही सूचना टेप लागल्याशिवाय वाचता येत नव्हती, आणि दादांनी हात लावल्यावर टेप लागत नव्हती. मास्तरांना हे सुचलं नव्हतं की सुचूनच त्यांनी ती तिथं ठेवली होती, कुणास ठाऊक. पण लाजेच्या खाली दादांना दुसरंच काही जाणवत होतं, उबदार आणि जरासं लबाड. मास्तरांच्या प्रोग्रॅममध्ये त्यांचं नाव होतं. बावीस वर्षं, माळ्यावर, ट्रंकेत, होतं.

मग त्यांचं लक्ष साहेबांकडे गेलं. बाकीचे चहाकडे वळले होते. साहेब मोबाईलवर प्रोग्रॅमचे फोटो काढत होते. ते संपले तरी ओळी वर-खाली करतच होते. एकदा तळापर्यंत गेले, परत वर आले. पुन्हा तळापर्यंत. डोळे बारीक करून, एकेका शेऱ्याशी थांबून.

साहेब काय शोधत होते हे दादांना कुणी सांगायची गरज नव्हती. तसं शोधण्यात दादांचा स्वतःचा सगळा जन्म गेला होता.

"अजून काही नाहीये वाटतं यात," साहेब सहज बोलावं तसं म्हणाले.

कप अर्धा होईपर्यंत दादांनी ते सुख घेतलं. तेवढं त्यांना घ्यावंसं वाटलं. मग कप खाली ठेवून ते म्हणाले, "कॅसेटला दुसरी बाजू असते, साहेब."

आधी त्यांनी मेहुणीकडून नेलपॉलिश मागून घेतलं आणि स्क्रूच्या डोक्यावर, कडेच्या पत्र्यापर्यंत, एक बारीक लाल रेघ ओढली. मास्तरांचा वाकडेपणा नेमका कुठं होता, याची खूण. मग साहेबांना पुन्हा हुकूम टाइप करायला लावून कॅसेट उलटी लावली. किंचाळी पुन्हा घोंगडीखाली गेली.

"ही बाजू रेकॉर्डर पडण्याआधीची असणार," दादा म्हणाले. "हेड तेव्हा जागेवर होतं." त्यांनी स्क्रूड्रायव्हर साहेबांपुढे धरला. "घ्या. कान लावा. किंचाळी टोकदार झाली की थांबा. डोळे मिटून."

"मी?" साहेब म्हणाले. "मला नाही जमायचं, दादा. सोल्डरिंगची गन धरली तरी माझा हात कापतो. तुमच्या टेबलापाशी उभा राहून मी नेहमी... जाऊ द्या."

"नेहमी काय?"

"काही नाही. तुमचे हात बघतो."

दादांनी स्क्रूड्रायव्हर त्यांच्या बोटांत दिला. साहेबांनी डोळे मिटले, मान तिरकी केली आणि स्क्रू हळूच फिरवला. पहिल्याच फिरवण्यात किंचाळी लख्ख टोकदार झाली. नेमक्या जागी त्यांचा हात थांबला आणि पडद्याच्या कडेला पट्टे धावायला लागले.

दादांना हे शिकायला तरुणपणी उस्तादाकडे तीन महिने लागले होते.

"बरं जमलं," ते म्हणाले, आणि त्यांनी घसा खाकरला.